कुरोमात्सुचं बोन्साय किट, वर्षभरानंतर: बिया उत्तम, कात्री नको

या मार्चमध्ये कुरोमात्सुच्या, म्हणजे जपानी ब्लॅक पाइनच्या रोपांच्या कुंड्या पहिल्यांदा बदलल्या आणि मुळं पाहिल्यावर हे लिहायलाच हवं असं वाटलं. नवी मुळं फुटावीत म्हणून कोवळी असतानाच ती मुळाच्या वर कापून पुन्हा खोचली होती: अर्धी रोपं किटमधल्या कात्रीने कापलेली, अर्धी दाढीच्या ब्लेडने. बी तेच, माती तीच, बाल्कनीही तीच. ब्लेडवाल्या रोपांना बुंध्याभोवती चहूबाजूंनी, एकाच पातळीवर मुळं फुटली होती. कात्रीवाल्यांपैकी बहुतेकांना एकाच अंगाला दोन-तीन जाडसर मुळं आणि दुसरं अंग कोरं. बोन्सायमध्ये बुंध्याशी दिसणाऱ्या मुळांना, म्हणजे नेबारीला काय मोल आहे हे हा छंद असणाऱ्यांना सांगायला नको. ज्या एका गोष्टीसाठी माणूस बी पेरण्यापासून सुरुवात करतो, तीच गोष्ट या किटमधली कात्री घालवते.

किट मी इथे तोक्योत, निशि-कासाईला राहत असताना ऑनलाइन मागवलं. किंमत चार हजार येनच्या आसपास. आत कुरोमात्सुच्या बिया, झाकण असलेला ट्रे, कानुमा मातीची छोटी पिशवी, मुळं फुटण्याची पावडर, कात्री आणि माहितीपत्रक. दुकानदाराचं नाव देत नाही, कारण अशी किटं बरेच जण विकतात आणि बहुतेकांत कात्रीच असते.

आधी बियांबद्दल, कारण त्या खरंच चांगल्या निघाल्या. रात्रभर पाण्यात भिजवल्या, तरंगणाऱ्या काढून टाकल्या आणि बुडालेल्या ओल्या टिपकागदात गुंडाळून महिनाभर फ्रीजमध्ये ठेवल्या. मार्चअखेर पेरल्या. एप्रिलमध्ये ट्रेभर कोंब आले, प्रत्येकाच्या डोक्यावर बीच्या टरफलाची टोपी. ती टोपी बोटांनी ओढून काढू नका, ती आपोआप गळते. ओढली तर आतल्या कोवळ्या सुया तुटतात.

मग मर रोग आला. पाइनच्या रोपांचा हा सगळ्यात मोठा शत्रू. संध्याकाळी ताठ दिसणारं रोप सकाळी मातीलगत बारीक होऊन आडवं पडलेलं असतं. बुरशीचं काम आहे, आणि ओल जास्त अन् वारा कमी असला की ती फोफावते. किटच्या झाकणाला एकही भोक नाही. तेव्हा मी अतिशय चिडून पहिला अभिप्राय टाकला होता, एक तारा देऊन: झाकण निरुपयोगी. तो अभिप्राय आता बदलला आहे. पेरणीच्या वेळी झाकण नकोच, या मतावर मी अजून ठाम आहे. पण रोपं कापून पुन्हा खोचल्यावर, मुळं नसताना, त्यांना हवेतला ओलावाच जगवतो, आणि तिथे या झाकणाने उत्तम काम केलं. रोज सकाळी थोडा वेळ उघडून वारा द्यायचा, बस. माहितीपत्रकात मात्र पहिल्या दिवसापासून झाकण लावायला सांगितलं आहे, ते वाचून विसरून जा.

आता कापणी. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रोप चार-सहा आठवड्यांचं झालं, दांडा खालून जांभळट होऊन जरा घट्ट झाला आणि पहिल्या सुयांच्या मध्यातून नवीन सुया डोकावू लागल्या, की दांडा मुळाच्या वर आडवा कापायचा. सोटमूळ सगळं जातं. सुयांखाली दोनेक सेंटिमीटर दांडा ठेवायचा, टोकाला पावडर लावायची आणि बारीक, निचऱ्याच्या मातीत खोचायचं. कापलेल्या टोकाच्या कडेने नवीन मुळं फुटतात. एकाच पातळीवर, चहूबाजूंनी, आणि सुयांच्या खूप जवळ. म्हणजे पुढे बुटकं, पायथ्याला पसरलेलं झाड मिळतं. बीपासून तसंच वाढू दिलेलं रोप सोटमूळ खाली सोडत जातं आणि बुंध्याशी काहीच फुटत नाही.

हे फक्त या कोवळ्या वयात जमतं. मोठ्या पाइनची फांदी कापून मातीत खोचली तर तिला मुळं फुटवणं फार अवघड. 2011 च्या त्सुनामीनंतर जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या रिकुझेनताकाता इथल्या जवळपास 70,000 पाइनपैकी एकच झाड उभं राहिलं, त्याची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. खाऱ्या पाण्याने त्याची मुळं कुजली आणि 2012 मध्ये ते मेल्याचं निष्पन्न झालं. त्याचा वंश टिकवायला त्याच्या फांद्यांची दुसऱ्या रोपांवर कलमं बांधावी लागली. म्हणून हे कोवळे काही आठवडे मोलाचे, आणि म्हणूनच त्या एका कापावर मी इतकं लिहिते आहे.

कात्रीची दोन पाती दांड्याला दोन बाजूंनी दाबून तोडतात. हा दांडा आगपेटीच्या काडीहूनही बारीक आणि पाणीदार. दाताखाली कोथिंबिरीची काडी चेपावी तसा तो चेपतो. टोक गोल राहत नाही, चपटं होतं, आणि ज्या बाजूची साल चिरडली तिथून मुळं येत नाहीत. शिवाय कात्रीने काप नेहमी थोडा तिरका जातो. तिरक्या कापात मुळं खालच्या टोकाकडे गोळा होतात. माहितीपत्रकातल्या चित्रातही तिरकाच काप दाखवला आहे. गुलाबाच्या छाटकलमाला तिरका काप चालतो, बागकाम करणाऱ्या सगळ्यांच्या तोच अंगवळणी पडलेला असतो. इथे हवा सपाट, काटकोनातला, एका झटक्यातला काप.

हे मला खालच्या मजल्यावरच्या ओजीसाननी, म्हणजे आजोबांनी सांगितलं. त्यांच्या बाल्कनीत तळहाताएवढी पाइनची झाडं आहेत, काही माझ्याहून वयाने मोठी. मी कापत असताना ते कचऱ्याच्या पिशव्या घेऊन वर आले होते. दारातून ट्रे पाहिला, कात्री पाहिली, काही न बोलता खाली गेले आणि दुधारी दाढीचं ब्लेड आणि लाकडाचा एक गुळगुळीत तुकडा घेऊन परत आले. ब्लेड कागदासकट मधोमध मोडलं, रोप लाकडावर आडवं ठेवलं, ब्लेड वरून सरळ खाली दाबलं. करवतीसारखं पुढे-मागे नाही, फक्त खाली. टोक मला दाखवलं: मधोमध पांढरट ठिपका आणि त्याभोवती हिरवी सलग कड. म्हणाले, ही कड अखंड असेल तर मुळं अखंड येतील. दर पाच-सहा रोपांनंतर ब्लेडची जागा बदला, धार बोथट वाटायच्या आधीच. तोवर निम्मा ट्रे कात्रीने कापून झाला होता, म्हणून आज ही तुलना लिहिता येते आहे.

ब्लेडचं पाकीट शंभर येनच्या दुकानात मिळतं, कर धरून 110 येन. एवढं ब्लेड किटमध्ये घालायला दुकानदाराला काय जड होतं? कात्री बनवायला, पॅक करायला त्याहून जास्त खर्च येतो. ग्राहकाला वस्तू भरगच्च दिसावी म्हणून कात्री घातली आणि कामाची वस्तू वगळली, याचा मला अजूनही राग आहे.

मी त्यांना लिहिलं. फोटो जोडले, दोन्ही प्रकारच्या टोकांचे. उत्तर नेहमीप्रमाणे अत्यंत नम्र, चार ओळींची क्षमा, आणि मग: कात्री पुढे फांद्या छाटण्यासाठी दिलेली आहे. मी त्यांच्याच माहितीपत्रकाचं पान फोटो काढून पाठवलं, ज्यात तीच कात्री दांडा कापताना दाखवली आहे. दुसरं उत्तर आलं, पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन. मला कूपन नको होतं. माहितीपत्रकातलं चित्र बदलायला हवं होतं. फोटो मुळांचे पुन्हा पाठवले आहेत, या वेळी मुळं धुऊन, काळ्या कापडावर ठेवून. वाट पाहते आहे.

पावडरबद्दल: काही रोपं मुद्दाम पावडरीशिवाय लावली होती. तीही जगली, पण मुळं कमी आणि उशिरा. पावडर घ्याच. फक्त टोक तिच्यात बुडवल्यावर टिचकी मारून जास्तीची झटका, लेप जाड बसला तर टोक कुजतं.

मातीचं एक नवल सांगते. कानुमा म्हणजे तोचिगीतल्या कानुमा भागातला हलका ज्वालामुखी दगड, अकागी पर्वताच्या उद्रेकातून आलेला. कोरडा असताना फिका, जवळजवळ पांढरा, ओला झाला की गर्द पिवळा. पाणी घालायची वेळ झाली का हे बोट खुपसून पाहावं लागत नाही, लांबून रंग दिसतो. मुळं नसलेल्या रोपाला बोट लावणं म्हणजे ते हलवणं, आणि हललं की नुकती फुटू लागलेली मुळं तुटतात. त्यामुळे या कामाला कानुमासारखं दुसरं काही नाही. पण किटमधली पिशवी फारच छोटी, पेरणीलाच संपली. होम सेंटरमध्ये, म्हणजे घर-बागेच्या सामानाच्या दुकानात, मोठी पोती काही शे येनला मिळते आणि वर्षभर पुरते. आता कुंड्या बदलताना मी सात भाग आकादामा, म्हणजे लालसर दाणेदार माती, आणि तीन भाग किर्यु वाळू घेतली, पाइनला हे मिश्रण इथे सगळेच वापरतात. आकादामा चाळून घ्या, भुकटी खाली बसून निचरा बंद करते.

कापणी जूनच्या सुरुवातीला केली हे नशिबाने योग्य वेळी पडलं. त्सुयु, म्हणजे इथला पावसाळी महिना, सुरू झाला आणि हवा दमट राहिली. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मध्यातल्या सुया वाढायला लागल्या, तीच मुळं फुटल्याची खूण. उपटून पाहायची गरज नाही. मग हळूहळू ऊन वाढवलं. ऑगस्टमध्ये दुपारी वेताचा पडदा, बाकी वर्षभर पूर्ण ऊन. हिवाळाभर बाहेरच. घरात आणून खिडकीत ठेवलेलं पाइनचं बोन्साय काही महिन्यांत जातं, एवढं मी कितीतरी ओळखीच्या घरांत पाहिलं आहे. खत म्हणून मोहरीच्या जातीच्याच एका तेलबीच्या पेंडीचे गोळे, ते इथे सगळीकडे मिळतात. आपल्याकडे मोहरीची किंवा शेंगदाण्याची पेंड वापरतो तसंच.

माहितीपत्रकात आणखी एक धोकादायक ओळ आहे: जूनअखेर नवे कोंब छाटावेत म्हणजे सुया आखूड राहतात. हे खरं आहे, पण जोमात असलेल्या, आकार तयार झालेल्या झाडांसाठी. पहिली काही वर्षं रोपाला जाडी हवी असते. त्या वयात कोंब छाटले तर झाड नुसतं खंगतं. हे वाक्य पेन्सिलीने खोडा.

गेल्या शरदात कागावा प्रांतात ताकामात्सुला जाणं झालं तेव्हा मुद्दाम किनाशीला गेले. जपानमधली पाइनची जवळपास 80 टक्के बोन्साय किनाशी आणि शेजारच्या कोकुबुंजी भागात तयार होतात. तिथे भाजीच्या वाफ्यांसारखी ओळीने पाइनची शेतं आहेत, जमिनीत लावलेली, तार गुंडाळलेली, मध्ये गवत काढणारी माणसं. एका बागेतल्या आजींना मी फोनवरचे कापलेल्या टोकांचे फोटो दाखवले. ब्लेडवाली रोपं पाहून त्यांनी मान डोलावली, कात्रीवाल्यांवर बोट ठेवून विचारलं, ही फेकणार का? मी म्हटलं, नाही हो, बघवत नाही.

पुण्याची बहीण विचारते, तिच्यासाठी किट पाठवू का, की दोन रोपंच घेऊन येऊ. तिला आणि तुम्हालाही सांगते: सुटकेसमध्ये रोप टाकून आणू नका. भारतात झाडं आणायला आयात परवाना आणि इथल्या अधिकाऱ्यांचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि मातीसकट तर नाहीच. यात कडकपणा उगाच नाही. जपानमधली पाइनची जंगलं ज्या सूत्रकृमीने वाळली, तो उत्तर अमेरिकेतूनच आलेला आहे आणि भुंग्यावर बसून झाडोझाडी फिरतो. शिवाय कुरोमात्सु थंडीत विसावणारं झाड आहे. मुंबईच्या किंवा कोकणच्या हिवाळ्यात त्याला तो विसावा मिळत नाही. बोन्सायच करायचं असेल तर तिथे वड, पिंपळ, उंबर आहेत, आणि त्यांना फांदीवरूनही मुळं फुटतात.

इथे राहणाऱ्या कुणाला घ्यायचं असेल तर पूर्ण किट घेऊ नका. बिया सुट्या घ्या, पावडर सुटी घ्या, कानुमाची पोती होम सेंटरमधून, ट्रे शंभर येनचा, झाकण म्हणून स्ट्रॉबेरीचे पारदर्शक डबे उलटे. सगळं मिळून निम्म्या पैशांत होतं, आणि पुढच्या वर्षी फक्त बियांचा खर्च. दोन तारे बियांना, एक झाकणाला, त्याहून जास्त देऊ शकत नाही.

एकाच अंगाला मुळं असलेल्या रोपांबद्दल ओजीसानना विचारलं होतं. त्यांनी एक हातात घेतलं, मुळं असलेली बाजू मागे आणि खोड पुढे झुकेल असं धरलं. कड्यावरून खाली कललेल्या आकाराला, केंगाईला, मागून ओढून धरणारी मुळंच लागतात, म्हणाले. त्यामुळे ती सगळी आता तिरकी लावली आहेत, उंच कुंड्यांमध्ये. दांडा अजून वाकतो, या शरदात पहिली अॅल्युमिनियमची तार गुंडाळायची. तोवर पाणी, ऊन आणि पेंड.