कडकनाथच्या नावाखाली 26,100 रुपयांना गंडवलं

कडकनाथ म्हणजे कातडीपासून मांसापर्यंत काळी असणारी, मध्य प्रदेशातल्या झाबुआची कोंबडीची जात. 120 पिल्लं 95 रुपयांनी, म्हणजे 11,400. 10 तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या) आणि 2 कोंबडे 1,100 रुपयांनी, म्हणजे 13,200. गाडीभाडं 1,500. विकणाऱ्याने सगळे पैसे यूपीआयने आगाऊ घेतले आणि 'शुद्ध झाबुआ कडकनाथ' म्हणून माझ्या गळ्यात संकरित माल मारला.

मी डोळे मिटून पैसे देणारा नाही. 2019 साली इस्लामपूरकडच्या कडकनाथ योजनेत शेतकरी कसे बुडाले हे पाहिलंय, म्हणून 'अंडी आम्हीच परत घेतो' म्हणणाऱ्यांना मी दारातही उभं केलं नाही. हा विकणारा मात्र नुसते जातिवंत पक्षी विकत होता. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनाची रंगीत झेरॉक्सही दाखवली. ते मानांकन 2018 चं, खरं आहे, पण ते झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला आहे. कुणाच्या खुराड्यातलं पिल्लू अस्सल आहे हे त्यावरून ठरत नाही.

त्याने स्वतः एक कोंबडा धरून चोच उघडून दाखवली. जीभ काळी, तुरा काळपट जांभळा, नखंसुद्धा काळी. तो एकच अस्सल होता! क्रेटमधल्या तलंगांचे तुरे लाल दिसत होते. विचारलं तर म्हणतो, "दादा, ह्या गोल्डन आहेत, अंड्यावर आल्या की तुरा लाल होतो." कडकनाथमध्ये गोल्डन प्रकार असतो हे मला माहीत होतं, म्हणून तर पटलं. अहो, पण गोल्डनमध्ये पिसांचा रंग बदलतो, कातडीचा नाही. एकीची पिसं फुंकून बाजूला केली असती तर पांढरी कातडी तिथेच दिसली असती. अंधार पडत आला होता, टेम्पोवाला ओरडत होता. पक्षी उन्हातच बघा, आणि चोच उघडायची ती तुम्ही निवडलेल्या पक्ष्याची.

वागणंही बघा. कडकनाथ बुजरा आणि चपळ, सहज हाती लागत नाही. ह्या तलंगा पायात घोटाळत होत्या, तर म्हणे "माणसाळवल्यात". घरी आल्यावर काही खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसल्या. कडकनाथची कोंबडी सहसा खुडूक बसत नाही, तिची अंडी गावठीखाली उबवतात. दुसरा कोंबडा असील ह्या झुंजीच्या जातीचा संकर निघाला, लांब मान, बारका तुरा. त्याने पहिल्याला रक्तबंबाळ केलं. नुसत्या काळ्या कातडीवरही विसंबू नका, ती संकरातही उतरते. वजन करा: नर दीड ते दोन किलो, मादी एक ते दीड.

पोलीस म्हणाले, "कोंबडीची जात आम्ही कशी तपासणार? दिवाणीत जा." सरकारी दवाखान्यात म्हणाले, जातीचा दाखला आम्ही देत नाही. मग देतं कोण? ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर तर 'धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही' म्हणून अर्जच परत केला. पोट भरण्यासाठी स्वयंरोजगार करणारा माणूस 2019 च्या कायद्याने ग्राहकच ठरतो, हे त्यांना मी सांगायचं? पगार त्यांनी घ्यायचा आणि कायदा मी वाचायचा! वर सगळे पक्की पावती मागतात. ती त्याने दिलीच नाही. पावतीवर जात लिहून घेतल्याशिवाय एक रुपया सोडू नका.

तक्रार मी मागे घेणार नाही. अशाच कुणाकडून 'गोल्डन' तलंगा घेतल्या असतील तर यूपीआयच्या नोंदी आणि पक्ष्यांचे फोटो जपून ठेवा. एकत्र अर्ज देऊ.