कमाटीबाग: मोकळ्या जमिनीचा सांभाळ

बडोद्यात पाहुणे आले की काळ्या घोड्याच्या चौकातून त्यांना कमाटीबागेत नेण्याचा आमच्या घरचा रिवाज आहे. संग्रहालयातील देवमाशाचा सांगाडा, फुलांचे घड्याळ आणि मुलांची छोटी रेल्वे सर्वांनाच आवडते. त्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी येथे बागेचा विचार केवळ सार्वजनिक जमीन म्हणून करतो.

१८७९ साली ही बाग झाली तेव्हा तिसरे सयाजीराव अल्पवयीन होते आणि कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. विश्वामित्री नदीच्या दोन्ही काठांवरची शंभर एकरांहून अधिक जमीन एकसंध राखून ती लोकांना दिली गेली, हा मला तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो. एवढा सलग पट्टा असल्यामुळेच जुनी झाडे विस्तारली, १८९४ मध्ये पूर्ण झालेल्या संग्रहालयाच्या इमारतीभोवती मोकळीक राहिली आणि सकाळी फिरणाऱ्या वृद्धांना वाहनांच्या वाटेत न येता चालता येते.

आज अशी जागा मिळवण्याची रीत वेगळी आहे. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यानुसार टीपी (टाउन प्लॅनिंग, म्हणजे नगररचना) योजनेत जमीनमालकांच्या जमिनी एकत्र करून त्यांची फेरआखणी होते, आणि त्यातून रस्त्यांसाठी सुमारे १५ टक्के, तर बागा, मैदाने व मोकळ्या जागांसाठी सुमारे ५ टक्के जमीन काढता येते. भूसंपादनाच्या कटकटीशिवाय सार्वजनिक जागा हाती येते, म्हणून ही पद्धत मला न्याय्य वाटते. मात्र ते ५ टक्के जर लहान लहान प्लॉटांत विखुरले गेले, तर त्यांतून बाग होत नाही. आमच्या वसाहतीजवळचा असाच एक प्लॉट लग्नसराईत गाड्या उभ्या करण्याच्या कामी येतो आणि तेथे लावलेली रोपे दोन उन्हाळे टिकली नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कमाटीबागेचे दुसरे काम पावसाळ्यात दिसते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर मजल मारली, तेव्हा बागेतही पाणी शिरले. ते नुकसान मी हलके लेखत नाही, परंतु नदीला पसरायला मातीची जमीन उरली नाही तर तेच पाणी वस्तीत अधिक चढते, आणि ज्या मगरी या नदीत पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत त्यांनाही उतरता काठ लागतो. म्हणून नदीलगतच्या पट्ट्यात नवे पक्के बांधकाम, मग ते कितीही आकर्षक असो, मला मान्य नाही.

बाग म्हणून मी तिला पाचपैकी साडेचार गुण देतो. अर्धा गुण राखून ठेवला आहे तो एका दगडासाठी: २०२४ चे पाणी बागेत कोठवर आले होते, ती रेघ पुलाजवळ कोरलेली मला पाहायची आहे.