टीआरपी स्पायर: ब्रेक झकास, पण लिव्हर कुठला आहे ते आधी बघा

माझी सायकल ड्रॉप हँडलची (टोकं खाली वळलेलं, रोड बाइकचं हँडल), ब्रेकचे लिव्हर शिमानो सोराचे, आणि त्यांना जोडलेत वायरवर चालणारे टीआरपी स्पायर डिस्क ब्रेक. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत चढायचं आणि ब्रेक दाबत खाली यायचं, हा नेहमीचा रस्ता. पावसाळ्यात तिथे कडेला शेवाळ, वळणावर माकडं आणि त्यातून समोरून येणारी बस. अशा उतारावर हे ब्रेक दोन बोटांत सायकल आवरतात. मी खूश आहे.

पण ही जोडी सहज जमली नाही. दुकानात केबल डिस्क ब्रेक मागितला की काउंटरवर येतो तो माउंटन बाइकचा. “सगळे सेमच असतात मॅडम, वायरच तर खेचायचीय.” नसतात हो सेम! रोड बाइकचा, म्हणजे ड्रॉप हँडलचा लिव्हर वायर कमी खेचतो आणि जोर जास्त देतो. माउंटन बाइकच्या सरळ हँडलचा लिव्हर वायर जास्त खेचतो, जोर कमी. त्या जास्तीच्या खेचीवर बेतलेला कॅलिपर (चाकाजवळ पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ड्रॉप हँडलच्या लिव्हरला जोडला, की लिव्हर हँडलला टेकतो तरी पॅडने डिस्क धड पकडलेली नसते. मग मेकॅनिक पॅड डिस्कला एवढे चिकटवून देतो की चाक फिरताना सारखी खरखर. माझ्या भावाच्या सायकलवर सध्या हाच तमाशा चालू आहे. उलट जोडी लावली तर लिव्हर दगडासारखा घट्ट लागतो आणि सायकल काही लवकर थांबत नाही.

नावंही अशी की घोटाळा व्हावाच. टीआरपीचा स्पायर रोडचा आणि स्पाइक माउंटनचा. एव्हिड कंपनीच्या बीबी ७ ब्रेकमध्ये तर नाव एकच, प्रकार दोन. खोक्यावर ‘रोड’ असं वाचल्याशिवाय पैसे काढू नका. माउंटनचे कॅलिपर आधीच गळ्यात पडले असतील तर टेक्ट्रोचा आरएल ५२० हा ड्रॉप हँडलचाच पण जास्त वायर खेचणारा लिव्हर मिळतो. त्यात गिअर बदलायचे खटके मात्र नसतात, ते हँडलच्या टोकाला वगैरे वेगळे लावावे लागतात. मला ती कटकट नको होती.

स्पायरची खरी मजा ही की दोन्ही बाजूंचे पॅड हलतात. बऱ्याच केबल डिस्क ब्रेकमध्ये एकच पॅड पुढे येतो आणि डिस्कला वाकवत पलीकडच्या पॅडवर दाबतो. इथे ती भानगड नाही, त्यामुळे लिव्हर हाताला साफ लागतो. तक्रार एकच: पॅड झिजले की ते आत घ्यायला अ‍ॅलन की लागते. बीबी ७ ला बोटांनी फिरवायची लाल चकती असते. पावसाळ्यात चिखलाने पॅड भराभर झिजतात, तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये ओल्या हातांनी चावी शोधताना ती चकती फार आठवते. पॅड शिमानोच्या बी०१एस मापाचे, म्हणून मिळायला त्रास नाही.

ब्रेकबरोबर कॉम्प्रेशनलेस आउटरही घ्या, म्हणजे वायरवरचं दाबाखाली न आखडणारं आवरण. साधा आउटर दाबाखाली थोडा आखडतो आणि लिव्हर मऊ लागतो, मागच्या ब्रेकला जास्तच, कारण तिथली वायर लांब. फक्त तो ब्रेकसाठीच बनवलेला हवा. “गिअरचा आउटर टाकतो, तोही कडक असतो” असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा, ब्रेकच्या जोराने तो फाटू शकतो.