कागदावरचे २३.५६ आणि सोलापुरातले ॲव्हरेज: वॅगनआर १.२ पेट्रोलचे परीक्षण

मारुती सुझुकी वॅगनआरच्या १.२ लिटर, मॅन्युअल गिअर असलेल्या पेट्रोल गाडीचे प्रमाणित ॲव्हरेज लिटरला २३.५६ किलोमीटर आहे. आमच्या घरी ही गाडी काही वर्षांपासून आहे. तिचे पासिंग एमएच १३ चे असून तिचा निम्म्याहून अधिक वापर सोलापूर शहरात, आणि उरलेला तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर आणि पुणे या रस्त्यांवर होतो. शहरात हा आकडा मिळत नाही, महामार्गावर ठरावीक वेग सांभाळला तर त्याच्या जवळपास जाता येते, आणि तरीही आज पुन्हा छोटी गाडी घ्यायची वेळ आली तर मी हीच घेईन. असे का, ते सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न ॲव्हरेजचा असतो आणि पुष्कळदा शेवटचाही तोच असतो.

आधी हा आकडा कुठून येतो ते पाहू. पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट यांसारख्या वाहनांची तपासणी करणाऱ्या संस्थांमध्ये गाडीची चाके रोलरवर ठेवून, ठरवून दिलेल्या क्रमाने वेग वाढवत-कमी करत ही चाचणी होते. ती वीस मिनिटांच्या आत संपते. तिच्यातला सर्वांत जास्त वेग ताशी ९० किलोमीटर आणि सरासरी वेग ताशी ३२ च्या आसपास असतो. एसी बंद असतो. खड्डा, गतिरोधक, पाच माणसे किंवा डिकीतले सामान यांचा प्रश्नच येत नाही. यात कोणाची फसवणूक नाही. सर्व कंपन्यांच्या गाड्या एकाच मापाने मोजता याव्यात, यासाठी ही सोय आहे. म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा जरूर वापरावा, पण आपल्या महिन्याच्या पेट्रोलखर्चाचा अंदाज त्यावरून बांधू नये.

सोलापुरात या आकड्याला सर्वांत मोठा धक्का देते ते ऊन. मार्चच्या मध्यापासून पावसाला सुरुवात होईपर्यंत एसीशिवाय गाडी चालवणे शक्य नसते, आणि पारा ४२-४३ अंशांवर गेला की उन्हात उभी राहिलेली गाडी थंड होईपर्यंत एसीचा कॉम्प्रेसर अखंड चालतो. या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी यंत्रणा आहे, पण आतली हवा पुरेशी थंड नसेल तर ती इंजिन बंद करत नाही, म्हणजे ज्या महिन्यांत तिची सर्वांत जास्त गरज असते त्याच महिन्यांत तिचा उपयोग कमी होतो. एसी लावून जागेवर उभी असलेली छोटी पेट्रोल गाडी तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल जाळते आणि तेवढ्या वेळात ॲव्हरेजमध्ये एका किलोमीटरचीही भर पडत नाही. सात रस्त्याचा सिग्नल, नवी पेठेतली गर्दी, जुळे सोलापुरातून मुलांना शाळेत सोडायला जाण्याच्या दोन-तीन किलोमीटरच्या खेपा, हे सगळे धरून उन्हाळ्यात शहरात मला १४ ते १५ मिळते. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात ते १६-१७ पर्यंत जाते. छोट्या खेपांमध्ये इंजिन पुरते गरम होण्याआधीच प्रवास संपतो आणि थंड इंजिन जास्त इंधन मागते, हे कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

महामार्गावर चित्र पालटते. पुण्याच्या चौपदरी रस्त्यावर ८० ते ८५ चा वेग धरून, एसी चालू ठेवून, चार माणसांसह २१ ते २२ मिळते. तोच रस्ता १०० ते ११० ने कापला तर आकडा १७-१८ वर येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि वॅगनआरचा उंच, पेटीसारखा आकार तो आणखी वाढवतो. ज्या उंचीमुळे आई-वडिलांना न वाकता गाडीत बसता येते, त्याच उंचीची किंमत वेगात गेल्यावर पेट्रोलच्या रूपाने मोजावी लागते. सोलापूर ते पुणे हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. १०० ऐवजी ८५ ने गेल्यास अर्ध्या तासापेक्षा थोडा कमीच वेळ जास्त लागतो आणि दोन लिटरपेक्षा जास्त पेट्रोल वाचते. मला हा सौदा मान्य आहे. ज्यांना तो मान्य नाही आणि ज्यांचे दर आठवड्याला पुण्याला जाणे आहे, त्यांनी बुटकी, हवेला कमी अडवणारी गाडी पाहावी.

ऊसतोडणीच्या हंगामात, म्हणजे दिवाळीच्या सुमारापासून पुढे, मोहोळ-पंढरपूर भागात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. त्यांच्या मागे ताशी २० ने रांगणे, मग तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावून पुढे जाणे, हे पुन्हा पुन्हा करावे लागते. त्या काळात याच रस्त्यावरचे ॲव्हरेज दीड-दोन किलोमीटरने उतरते. इथे १.२ चे चार सिलिंडरचे इंजिन उपयोगी पडते. ओव्हरटेक लवकर पूर्ण होतो आणि समोरून येणाऱ्या गाडीचा अंदाज घेताना छातीत धस्स होत नाही.

हे सर्व आकडे डॅशबोर्डवरून घेतलेले नाहीत. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, पहिल्या कटऑफपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत, टाकी भरायची, किलोमीटरची नोंद करायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तसेच भरून भागाकार करायचा, ही जुनीच पद्धत आहे. पडद्यावर दिसणारा आकडा बहुतेक गाड्यांमध्ये यापेक्षा थोडा जास्तच असतो. एका टाकीवरून मत बनवू नये. शहरातल्या आणि बाहेरच्या टाक्या वेगवेगळ्या मोजल्या तरच काही कळते.

पेट्रोलमधल्या इथेनॉलबद्दल आपल्या जिल्ह्यात बोलणे थोडे नाजूक आहे, कारण ऊस आणि कारखाने यांवर इथली कितीतरी घरे चालतात. तरी वस्तुस्थिती अशी की एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी, तर १० टक्क्यांसाठी बनलेल्या आणि २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांचे १ ते २ टक्क्यांनी घटेल, असे म्हटले आहे. जुनी गाडी घेणाऱ्यांनी म्हणूनच उत्पादनाचे वर्ष जरूर पाहावे. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबरी व धातूचे भाग २० टक्के मिश्रण सहन करतील असे असतात.

आता हिशेब. ॲव्हरेजच्या आकड्यांची वजाबाकी करून बचत कळत नाही. महिन्याला १,००० किलोमीटर चालणारी गाडी १२ ऐवजी १५ देऊ लागली, तर जवळजवळ १७ लिटर वाचतात. तीच २० ऐवजी २३ देऊ लागली, तर साडेसहा लिटरच वाचतात. दोन्हीकडे फरक तीन किलोमीटरचाच आहे. मुळात चांगले ॲव्हरेज देणाऱ्या दोन छोट्या गाड्यांमध्ये दीड-दोन किलोमीटरच्या फरकावर घासाघीस करणे यामुळेच निरर्थक ठरते. स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेल्या गाड्यांचेही असेच आहे. शहरात त्या खरोखर उत्तम ॲव्हरेज देतात, कारण थांबत-थांबत चालताना त्यांची मोटर काम करते. पण वर्षाला १२,००० किलोमीटर चालवताना १८ ऐवजी २४ मिळाले, तर सुमारे १६७ लिटर वाचतात. लिटरला शंभर रुपये धरले तरी ही बचत १७ हजारांच्या आत राहते. त्यासाठी पाच लाख रुपये जास्त मोजले, तर ते वसूल व्हायला तीस वर्षे लागतील. त्या गाड्या मोठ्या आणि सुखसोयींनी भरलेल्या असतात, हे मान्य. ती मोठी गाडी हवी असेल तर घ्यावी, पण पेट्रोल वाचवायला म्हणून घेऊ नये.

माझ्या मते या गाडीची खरी कमाई ॲव्हरेजमध्ये नाही, तर भरवशात आहे. इंजिनला टर्बो नाही, इंधनाची फवारणी साध्या पद्धतीची आहे आणि टायमिंग बेल्टऐवजी साखळी आहे. बिघडू शकणाऱ्या महागड्या गोष्टीच कमी आहेत. झिजते ते अपेक्षित तेवढेच: क्लच, ब्रेक, सस्पेन्शनच्या लिंक आणि बुश, वायपरचे रबर. सर्व्हिस १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाला सांगितलेली आहे, पण आपल्याकडची धूळ पाहता एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर मधे एकदा काढून झटकलाच पाहिजे. भरलेल्या फिल्टरमुळे एसी कमी थंडावा देतो, मग पंखा आणि कॉम्प्रेसर दोन्ही जास्त चालतात. बॅटरीचे आयुष्य सोलापूरच्या उष्णतेत कमी होते आणि इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाड्यांना नेहमीपेक्षा दणकट, महाग बॅटरी लागते, हा खर्च आधीच धरून ठेवावा. शेताच्या किंवा मोकळ्या प्लॉटच्या कडेला गाडी लावणाऱ्यांनी उंदरांचीही काळजी घ्यावी. बॉनेटखाली कुरतडलेली एक वायर कोणत्याही कंपनीच्या उत्तम गाडीला जागेवर बसवते.

भरवशाचा दुसरा अर्धा भाग गाडीत नसतो, गावात असतो. अक्कलकोट, बार्शी किंवा मोहोळमध्ये गाडी बंद पडली, तर तिथल्या मिस्त्रीला ती माहीत आहे का आणि स्पेअर त्याच दिवशी मिळतो का, हे शोरूममध्ये कोणी विचारत नाही. वॅगनआर भारतात १९९९ पासून आहे आणि तिचे काम न केलेला मिस्त्री जिल्ह्यात शोधावा लागेल. आमच्या मेव्हण्यांनी दुसऱ्या एका कंपनीची बीएस ६ (धुराच्या नव्या नियमांनुसार बनलेली) डिझेल गाडी ॲव्हरेजसाठी घेतली. घर ते दुकान हा त्यांचा रोजचा प्रवास तीन किलोमीटरचा. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर स्वच्छ व्हायला एक्झॉस्ट खूप गरम व्हावा लागतो आणि तो त्या तीन किलोमीटरमध्ये कधीच होत नाही. दिवा लागला की गाडी महामार्गावर फिरवून आणायची, तेवढ्याने भागले नाही तर सर्व्हिस सेंटरला न्यायची, तिथे दोन-तीन दिवस सोडून यायचे. लिटरमागे वाचलेले पैसे असे जातात, आणि सणाच्या दिवशी गाडी दारात नसते ते वेगळेच. गाडीत दोष नव्हता, ती त्या वापरासाठी नव्हती. रोज सोलापूर-लातूर करणाऱ्याला तीच गाडी उत्तम ठरली असती.

सीएनजीचा विचार जरूर करावा, पण वॅगनआरमध्ये तो १.० इंजिनासोबतच मिळतो. त्याचे प्रमाणित ॲव्हरेज किलोला ३४.०५ किलोमीटर आहे. रोज मोहोळपर्यंत नोकरीला जाणाऱ्याला, म्हणजे दिवसाला साठ-सत्तर किलोमीटरवाल्याला, तो निश्चित परवडतो. डिकी मात्र सिलिंडरकडे जाते, आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते.

एका बाबतीत या गाडीची शिफारस करताना मन अडखळते, ती बाब म्हणजे सुरक्षितता. गाड्या आदळवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत वॅगनआरला प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी एक तारा मिळाला आणि मुलांच्या सुरक्षेसाठी एकही नाही. ज्यांची गाडी प्रामुख्याने महामार्गावर आणि वेगात चालणार आहे, त्यांनी ही गोष्ट ॲव्हरेज आणि भरवसा या दोन्हींच्या वर ठेवून पाच तारे मिळालेल्या गाड्या आधी पाहाव्यात. त्याच कंपनीची २०२४ ची डिझायर त्यांत आहे.

वॅगनआरच घ्यायची ठरली, तर १.० की १.२ हा प्रश्न उरतो. १.० मॅन्युअलचे प्रमाणित ॲव्हरेज २४.३५ आहे, म्हणजे कागदावर १.२ पेक्षा पाऊण किलोमीटरने जास्त. महिन्याच्या १,००० किलोमीटरमागे हा फरक दीड लिटरचाही होत नाही. गाडी शहरातच आणि एक-दोन माणसांपुरती चालणार असेल, तर १.० घेऊन किमतीतला फरक वाचवावा. पाच माणसे बसवून, एसी लावून तुळजापूरचा घाट चढायचा असेल आणि उसाच्या ट्रॉल्या ओलांडत पंढरपूरला जायचे असेल, तर १.२ घ्यावी.