स्टेपनी की पंक्चर किट? आणि डिकीत आणखी काय

मेहुण्याने दिवाळीत इलेक्ट्रिक गाडी घेतली. नारळ फुटला, पेढे झाले, आणि डिकीचा तळ उचलल्यावर त्याचा चेहरा उतरला. "दाजी, स्टेपनीच नाही हो यात! नुसता पंप आणि पांढऱ्या पाण्याची बाटली. फसवलं की काय मला?"

फसवलेलं नाही. २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियम बदलले. ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट हे तिन्ही असेल, तर साडेतीन टनांच्या आतल्या प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून राहिली नाही. कंपनीला जागा मिळते, वजन घटतं, पैसेही वाचतात. आता प्रश्न त्याचा: पदरचे पैसे घालून वेगळी स्टेपनी घ्यायची, की आहे त्यात भागवायचं? अशा गाड्या आता बऱ्याच जणांच्या दारात आहेत, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

स्टेपनी

तिचं मोठेपण एकाच गोष्टीत आहे: टायरला काय झालंय हे तिला विचारावं लागत नाही. खिळा घुसो, टायरची बाजू फाटो, रिम वाकू दे, चाक बदललं की निघालात. आपल्याकडे पावसाळ्यात खड्ड्याची धार लागून टायर बाजूने चिरतो, आणि त्या चिरेवर जगातली कुठलीही किट चालत नाही.

पण स्टेपनीची परीक्षा होते ती अडचणीच्या वेळीच. काही वर्षांपूर्वी जुलैत ताम्हिणी घाटात रात्री आठला आमचं मागचं चाक बसलं. पाऊस आडवा-तिडवा, मोबाइलला रेंज नाही. गाडीचा एल आकाराचा पाना नटाला लावला, तर नट हलेना. गॅरेजमध्ये हवेच्या गनने आवळलेले असतात ना, ते हाताच्या जोराला दाद देत नाहीत. एका टेम्पोवाल्याने थांबून आपल्याकडचा लोखंडी पाइप पान्याच्या दांड्यात अडकवला आणि त्यावर उभा राहिला, तेव्हा 'कट्' आवाज आला. चाक बदललं, जॅक उतरवला, आणि स्टेपनी हळूच चपटी झाली. दोन वर्षांत तिच्यात कोणी हवाच भरली नव्हती. मुळशीच्या अलीकडच्या टपरीपर्यंत आम्ही बैलगाडीच्या चालीने आलो.

तेव्हापासून डिकीत हातभर पाइपाचा तुकडा असतो. जॅकखाली ठेवायला लाकडी फळीही असते, कारण ओल्या साइडपट्टीवर जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच जमिनीत जातो. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, जॅक नंतर. आणि बऱ्याच गाड्यांत स्टेपनी मूळ चाकापेक्षा लहान असते. तिच्यावर ८० किलोमीटरची वेगमर्यादा छापलेली दिसते, ती शोभेसाठी नाही.

मेहुण्यासाठी आणखी एक मेख होती. स्टेपनी न देणारी गाडी बहुतेक वेळा जॅक आणि पानाही देत नाही. म्हणजे नुसतं चाक विकत घेऊन भागत नाही. त्यात इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाखाली बॅटरी. जॅक लावायचा तो मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच, दुसरीकडे लावलात तर पंक्चर परवडलं म्हणाल.

स्ट्रिप मारायची किट

पंक्चरवाला वापरतो तीच: टोच्यासारखा रिमर, डोळा असलेली सुई, चिकट तपकिरी स्ट्रिपा, सोल्युशनची ट्यूब. दोन-चारशे रुपयांत चांगली मिळते. चाक काढायचंच नाही, हा तिचा सगळ्यात मोठा फायदा. पुढच्या चाकात खिळा असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवा, म्हणजे टायर बाहेर येऊन हात पोचतो. मागच्या चाकात असेल तर गाडी फूटभर पुढे-मागे घेऊन खिळा समोर आणायचा.

पकडीने खिळा उपसा, तो कुठल्या कोनात आत गेला होता ते पाहून रिमर त्याच कोनात चार-पाच वेळा फिरवा. स्ट्रिप सुईत मधोमध ओवून सोल्युशन लावा, टोकं अर्धा इंच बाहेर राहतील इतकी भोकात दाबा आणि सुई एका झटक्यात ओढा. झटका कमी पडला तर स्ट्रिपही बाहेर येते. मग थुंकी लावून बुडबुडा येतो का पाहा. हे वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात टायरमधल्या तारा रिमरला आत जाऊ देत नाहीत आणि पहिल्या खेपेला तळहाताला फोड येतो. म्हणून एकदा ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे जुन्या टायरवर हात साफ करून घ्यावा. चहाचे पैसे देऊन शिकवतात, थोडे हसतातही.

हद्द मात्र ठरलेली: रस्त्याला टेकणारा भाग आणि खिळ्या-स्क्रूएवढं भोक. टायरच्या बाजूला स्ट्रिप मारायची नाही. "काही होत नाही साहेब" म्हणणारा भेटला तरीही नाही.

बाटलीतलं सीलंट

पांढऱ्या पाण्याची बाटली ती हीच, टायरमध्ये सोडली की आतून भोक बुजवणारी. तिला ताकद लागत नाही, चाकापाशी बसून खटपट करावी लागत नाही, म्हणून गुडघे दुखणाऱ्याला किंवा रात्री एकट्याने गाडी चालवणाऱ्याला सोयीची. पण एकदाच चालते, बाटलीवर मुदत छापलेली असते, भोक मोठं असेल तर सगळा चीक रस्त्यावर. नंतर टायर उघडल्यावर पंक्चरवाला तो चिकटा पुसताना जे बोलतो ते वेगळंच. माझ्या मते हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

आता या तिघांत काय निवडायचं? आधी हवेचा पंप. स्ट्रिप त्याच्याशिवाय निरुपयोगी, सीलंटही तसंच, आणि स्टेपनीतली हवा गेलेली असेल तर तिलाही तोच तारतो. शिवाय पुष्कळदा बारीक खिळ्याने हवा हळूहळू जात असते. पाच-सात मिनिटं हवा भरली की माणूस खिळा न काढता टपरीपर्यंत पोचतो. पंप १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा घ्यावा. चार्जिंगचा पंप सुटसुटीत दिसतो, पण त्याची गत त्या स्टेपनीसारखीच होते, चार्ज करायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. त्यातून तुमची वाट रोज हिंजवडी-कोथरूड असेल, तर पंप आणि स्ट्रिप किटवर निवांत राहा. वर्षातून चारदा घाट उतरून कोकणात जाणार असाल, तर स्टेपनी हवी.

बॅटरी बसली तर

इथेही तोच पेच: जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली सुरू करायची तार, की चार्ज होणारा जंप स्टार्टर, म्हणजे तेच काम करणारी हातातली छोटी बॅटरी? केबल खराब होत नाही, विसरली तरी चालते, पण शेजारी दुसरी गाडी लागते. स्टार्टर एकट्याने काम करतो, पण महाग, आणि दोन-तीन महिन्यांनी चार्ज करावा लागतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत लिथियमची वस्तू ठेवणंही बरं नाही. सोसायटीत आणि शहरात राहणाऱ्याने केबल घ्यावी, फक्त आतली तार जाड आहे ना पाहून. स्वस्त केबलमध्ये जाडी सगळी रबराची असते. लाल चिमटा आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा आधी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचा बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर.

इलेक्ट्रिक गाडीतही दिवे-कुलपांसाठी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि तीही बसते. मात्र अशा गाडीवरून दुसऱ्याची गाडी जंप करायला बहुतेक मॅन्युअल मनाई करतात. शेजारी मागायला आले तर मेहुण्याने केबल द्यावी, गाडी नव्हे.

विम्यातली मदत की आपलं सामान

"माझ्याकडे रोडसाइड असिस्टन्स आहे" म्हणणारे बरेच. असावीच. गाडी उचलून न्यायची असेल तर तोच मार्ग, कारण ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडी चाकांवर टोचन करून नेणं धोक्याचं. पण फोन लागला तर मदत येणार, आणि घाटात तो लागेलच असं नाही. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, इतरत्र ११२, रुग्णवाहिकेला १०८, हे नंबर आत चिकटवून ठेवलेले बरे.

रिफ्लेक्टरचा त्रिकोण नव्या गाडीबरोबर येतो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतच म्हातारा होतो. आपल्याकडे झाडाची फांदी आणि दगड लावायची रीत आहे. दिवसा फांदी दिसते, रात्री नाही, आणि गाडी निघून गेल्यावर दगड तिथेच राहतात पुढच्या दुचाकीवाल्यासाठी. त्रिकोण निदान पन्नास पावलं मागे लावा. घाटात तो वळणाच्या अलीकडे हवा, वळून आल्यावर दिसून उपयोग नाही. डोक्याला बांधायची बॅटरी मात्र घ्याच. मोबाइलची टॉर्च दातात धरून नट लागत नाहीत.

एक किलोची पावडरची अग्निशामक नळकांडी दहा सेकंदांच्या आसपास चालते, बॉनेटमधून नुकता धूर निघाला असेल तर पुरते. ती डिकीत नको, ड्रायव्हरच्या हाताशी हवी. इलेक्ट्रिक गाडीच्या मुख्य बॅटरीने पेट घेतला तर तिचा विचारही न करता सगळ्यांनी लांब पळायचं. प्रथमोपचार पेटीतली मुदत संपलेली मलमं बदला, एवढंच.

मेहुण्याने शेवटी पंप ठेवला, स्ट्रिप किट आणली, आणि चाक, जॅक, पाना असा सगळा संच घेतला. त्याची बायको पंक्चरवाल्याकडे त्याच्याआधी स्ट्रिप मारायला शिकली. चाक एरवी गॅलरीत तुळशीशेजारी उभं असतं. देवगडला निघाले की डिकीत, पट्ट्याने आवळून, कारण पंधरा-वीस किलोचं सुटं चाक जोराच्या ब्रेकला कुठे जाऊन आदळेल सांगता येत नाही. निघायच्या आदल्या दिवशी त्यात हवा भरायचं काम मुलाकडे आहे. त्याला पंपावरचे आकडे चढताना बघायला आवडतात.