मॅगपुल बॅकपॅकर स्टॉक: दोन तुकड्यांची रायफल एका मुठीत

रुगर १०/२२ टेकडाउन ही दोन तुकड्यांत सुटणारी रायफल माझ्याकडे चार वर्षं आहे. गेल्या हिवाळ्यात तिचा मूळ दस्ता उतरवून मॅगपुल कंपनीचा एक्स-२२ बॅकपॅकर दस्ता चढवला. त्यानंतर दोन हजारांच्या वर गोळ्या झाडून झाल्या, म्हणून आता लिहितोय.

१०/२२ ही पॉइंट टूटू लाँग रायफल या छोट्या काडतुसाची सेमी-ऑटोमॅटिक, १९६४ पासून बाजारात असलेली. साध्या मॉडेलमध्ये नळी दोन स्क्रू आणि एका व्ही-ब्लॉकने (ठोकळ्याने) रिसिव्हरला, म्हणजे बोल्ट आणि घोडा असतो त्या मधल्या भागाला, आवळलेली असते. २०१२ साली आलेल्या टेकडाउनमध्ये सांध्याजवळची कळ ढकलायची, नळी पिळायची, की दोन तुकडे हातात. पण मूळ दस्त्यात ते दोन तुकडे दोनच राहतात. सोबत मिळणाऱ्या पिशवीत ते दोन कप्प्यांत छान बसतात, पण पिशवीबाहेर एक या हातात, एक त्या हातात. बॅकपॅकरने नेमकं हेच सोडवलंय. नळीचा तुकडा दस्त्यालाच येऊन अडकतो आणि सगळी रायफल एका मुठीत उचलता येते. शिवाय गाल टेकतो तिथल्या झाकणाखाली दहा राउंडची तीन मॅगझिन मावतात. रुगरचं मॅगझिन गोल फिरणारं, ठेंगणं असल्यामुळेच ते जमतं.

दस्ता रिसिव्हरला एकाच स्क्रूने बसतो. मॅगझिन काढा, बोल्ट (मागेपुढे सरकणारा तुकडा) मागे ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती नळीची मागची पोकळी, डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा, मगच स्क्रूड्रायव्हर हातात घ्या. सेफ्टीचं बटण अर्ध्यावर, म्हणजे इकडेही नाही आणि तिकडेही नाही असं ठेवलं, तरच रिसिव्हर दस्त्यातून सुटतो. मला हे माहीत नव्हतं, दहा मिनिटं नुसता ओढत बसलो. दुसरं म्हणजे दस्ता निघाला की रिसिव्हरमधल्या आडव्या पिना आपोआप घरंगळतात, कारण त्यांना धरून ठेवणारं लाकूड किंवा प्लास्टिकच बाजूला झालेलं असतं. बोल्ट अडवणारी जाड पीन टेबलाखाली गेली, ती लेकीने शोधून दिली. खाली जुना टॉवेल अंथरा.

आता खरा मुद्दा झिरोचा, म्हणजे जुळवलेल्या नेमाचा. टेकडाउन घेणारा प्रत्येक जण विचारतो, सोडून जोडल्यावर नेम तोच राहतो का? उत्तर तुम्ही कशातून बघता यावर आहे. मूळ रायफलची नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच दोन्ही नळीवरच आहेत. नळी कितीही वेळा काढा, माशी, खाच आणि नळीचं तोंड यांचं एकमेकांशी नातं बदलत नाही. स्कोप मात्र रिसिव्हरवर बसतो. तो एका तुकड्यावर आणि नळी दुसऱ्या तुकड्यावर, त्यामुळे सांध्यात केसभर फरक पडला तरी तो कागदावर दिसतो.

मी २५ यार्डांवर टेकू देऊन, एकाच पेटीतली काडतुसं वापरून बघितलं. पाच गोळ्या, रायफल सोडली, जोडली, पुन्हा पाच. असं दहा वेळा. माशीतून गट (पाच गोळ्यांच्या भोकांचे पुंजके) जिथल्या तिथे पडत राहिले. स्कोपमधून प्रत्येक गट घट्ट, पण त्याचा मध्य कधी वर, कधी डावीकडे, दीड-दोन सेंटीमीटर सरकलेला. मी दस्त्याला दोष द्यायच्या बेतात होतो. मग नळीच्या मागच्या टोकाची खरखरीत कडी फिरवून बघितली, तर ती सैल. सांधा किती घट्ट बसावा हे हीच कडी ठरवते. नळी हाताने जेमतेम पिळून बसेल इतकी ती आवळली आणि पुन्हा दहा फेऱ्या केल्या. सरकणं निम्म्याहून कमी झालं. अगदी शून्य नाही झालं, पण डब्याएवढ्या निशाणाला आता काही फरक पडत नाही. दस्ता बदलला की कडी तपासायचीच, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

हाच सांधा सुट्टा करून बघताना हौशी माणसाला नळी आणखी आखूड करावीशी वाटते. त्या वाटेला जाऊ नका. अमेरिकेत १६ इंचांखालची रायफलची नळी १९३४च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्याखाली येते आणि आधी नोंदणी न करता ती करणं हा गंभीर गुन्हा आहे. माझी साडेअठरा इंचांची आहे, तशीच राहणार.

बेंचवर बसून कागदावर एकाच भोकात गोळ्या घालायच्या असतील तर हा दस्ता घेऊ नका, अखंड रायफल आणि जड नळी घ्या. रानात चालताना पाठीवर काही जाणवू नये आणि थांबलं की अर्ध्या मिनिटात तयार असावं, एवढंच हवं असेल तर मी डोळे झाकून हाच सुचवेन. स्कोप मी काढून ठेवला. माशीच पुरते, आणि नेम धरायला शिकणाऱ्या लेकीसाठी तर तीच चांगली.

कडी योग्य जागी आली त्या दिवशी लेकीने तिचं लाल नेलपॉलिश आणून कडी आणि नळी यांवरून एक बारीक रेघ ओढली. जोडण्याआधी आता दोघंही आधी ती रेघ बघतो. अजून तुटलेली नाही.