पहिल्या सिंथेसायझरसाठी कॉर्ग मिनीलॉग

माझा पहिला सिंथेसायझर मी आवाजांची संख्या पाहून घेतला होता. खोक्यावर शेकड्यांनी आवाजांची जाहिरात होती. यंत्रावर मात्र एक लहानसा पडदा आणि फिरवायला एकच चकती होती. फिल्टर (आवाजाची धार कमी-जास्त करणारा भाग) थोडासा मोकळा करायचा म्हटले तरी तीन मेनू ओलांडावे लागत, आणि तिथवर पोहोचेपर्यंत कानात घोळणारा आवाज विरून गेलेला असे. वर्षभर मी कंपनीने भरून दिलेलेच आवाज वाजवत राहिलो. त्यानंतर ते यंत्र विकून कॉर्गचा मिनीलॉग वापरलेल्या स्थितीत घेतला, आणि बेताच्या पैशांत पहिला सिंथेसायझर शोधणाऱ्याने त्याचा विचार करावा की नाही, हे इथे मांडतो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सर्वसाधारणपणे ज्याला आपण कीबोर्ड म्हणतो, त्यात तयार ताल, साथसंगत आणि स्पीकर असतात. सिंथेसायझरमध्ये यांपैकी बहुतेक गोष्टी नसतात, कारण त्याचे काम आवाज घडवण्याचे आहे. दोन्ही हातांनी गाणी वाजवायला शिकणे एवढाच हेतू असेल, तर ६१ पट्ट्यांचा साधा कीबोर्ड अधिक उपयोगी पडेल. मिनीलॉगलाही स्पीकर नाही, त्यामुळे बऱ्यापैकी हेडफोन आणि केबल यांचा खर्च आधीच धरून चालावे.

मिनीलॉग २०१६ साली आला. तो अॅनालॉग आहे, म्हणजे त्यातला आवाज आकडेमोडीने नव्हे तर विद्युत परिपथांतून घडतो; तो एका वेळी चार स्वर वाजवतो, आणि प्रत्येक स्वराला स्वतःचे दोन ऑसिलेटर (मूळ ध्वनिलाट निर्माण करणारे भाग) व एक फिल्टर मिळतो. पण मला त्याचे मोल वाटते ते समोरच्या फळीसाठी. ऑसिलेटर, मग त्यांचे आवाज मिसळणारा मिक्सर, मग फिल्टर, मग आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा एन्व्हलप, असा आवाज ज्या क्रमाने घडतो त्याच क्रमाने नॉब डावीकडून उजवीकडे मांडलेले आहेत, आणि महत्त्वाच्या जवळपास प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र नॉब आहे. शिवाय छोट्या पडद्यावर ध्वनीची लाट उमटते. दुसरा ऑसिलेटर बंद ठेवून करवतीच्या दात्यांसारखी लाट निवडावी, एक पट्टी दाबून धरावी आणि फिल्टर किती उंच ध्वनी जाऊ देतो ते ठरवणारा कटऑफचा नॉब सावकाश खाली आणावा: टोकदार दाते डोळ्यांदेखत गोलावत जातात आणि त्याच वेळी आवाजातली धार कमी होत जाते. मग रेझोनन्स (कटऑफजवळचे ध्वनी उठावदार करणारा नॉब) वाढवला की त्या लाटेवर बारीक तरंग उठतात. फिल्टर म्हणजे काय, हे मी कितीतरी ठिकाणी वाचले होते. समजले ते त्या दिवशी. दुसरा ऑसिलेटर पुन्हा सुरू करून तो पहिल्यापेक्षा केसभर बेसूर केला की आवाज हलका हेलकावू लागतो, आणि एवढ्यावर एक संध्याकाळ सहज निघून जाते.

उणिवाही आहेत. पट्ट्या ३७ आणि त्याही अरुंद, त्यामुळे मोठ्या हाताच्या माणसाला सराव होईपर्यंत अडखळायला होते. चार स्वर धरून पाचवा दाबला की आधीचा एक तुटतो, आणि लांब रेंगाळणाऱ्या आवाजात हे तुटणे कानाला खुपते. डिले (प्रतिध्वनी) आहे, रिव्हर्ब (मोठ्या दालनातल्यासारखे घुमणे) नाही. साठवलेला आवाज उघडल्यावर नॉब जिथे असतात तिथली मूल्ये आणि आवाजातली मूल्ये जुळत नाहीत, म्हणून नॉबला हात लावताच आवाज उडी मारतो. सेटिंगमध्ये हे बदलता येते, पण नवख्याचा पहिल्या दिवशी गोंधळ होतोच.

पर्यायांपैकी मायक्रोकॉर्ग २००२ पासूनचा. बॅटरीवर चालतो, व्होकोडर (बोलण्याला सिंथेसायझरचा स्वर देणारी सोय) मजेदार आहे, पण मोजक्या पाच नॉबांवर सगळा कारभार असल्यामुळे आवाज घडवणे मला तिथे कोड्यासारखे वाटले. आर्टुरियाचा मायक्रोफ्रीक आकाराने लहान आणि आवाजांच्या बाबतीत कितीतरी विक्षिप्त आहे. त्याच्या पट्ट्या हलत नाहीत, नुसत्या स्पर्शाने वाजतात, आणि चार स्वरांना मिळून फिल्टर एकच आहे. संगणकावर वाजवणाऱ्यांना सॉफ्टवेअर सिंथेसायझर आणि साधा मिडी कीबोर्ड (स्वतः आवाज न करता संगणकाला स्वरांच्या सूचना देणारा) स्वस्तात पडतो. तो मार्ग चुकीचा मुळीच नाही, फक्त माऊसने नॉब फिरवताना दोन हातांनी दोन गोष्टी एकदम बदलण्याची गंमत जाते.

वापरलेला मिनीलॉग घेणार असाल तर घाई करू नये. यंत्र पंधरा-वीस मिनिटे तापू द्यावे, प्रत्येक नॉब पूर्ण फिरवून आवाजात खरखर किंवा अचानक उड्या येतात का ते ऐकावे, आणि अॅडॉप्टर मूळचा नसेल तर त्यावरचा व्होल्टेज व ध्रुव यंत्रावर छापलेल्या चिन्हाशी ताडून पाहावेत. शेवटी एक साधा आवाज निवडून एकच पट्टी सुट्या ठोक्यांनी आठ-दहा वेळा वाजवावी. आतले चार आवाजमार्ग आळीपाळीने उत्तर देतात. त्यातला एखादा नादुरुस्त असेल, तर दर चौथा ठोका बाकीच्यांपेक्षा मंद, बोथट किंवा बेसूर ऐकू येतो. मी पाहिलेल्या पहिल्या मिनीलॉगमध्ये तो तसा ऐकू आला, म्हणून तो सोडून मी दुसरा घेतला.